कोन, कप आणि छर्रे

जिनिंग सुरू झालं की आमच्या गल्लीतल्या विजेच्या तारांवर कापूस बसायला लागतो. आधी एखाददुसरा तंतू, मग आठवडाभरात तारांना पांढऱ्या मिशा फुटल्यासारख्या दिसतात. अमळनेरला हिवाळा आल्याची आमच्याकडची खूण हीच. स्वेटर त्यानंतर निघतात. या वर्षीही दिवाळी झाली, कपाशीच्या गाड्या रस्त्याला लागल्या, आणि परवा सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर कापसाचा एक पुंजका येऊन पडलेला. केरसुणीने तो लोटताना माझा हात थांबला. मागचा हिवाळा आठवायला मला काही करावं लागत नाही. तो घरातच आहे, मीच त्याला वळसा घालून चालत असते.

माझे यजमान त्या जिनिंगमध्ये फिटर होते. आमची मुलगी वैशाली बोलायला लागली तेव्हा त्यांना नाना म्हणाली, तिच्यामागून सगळी गल्ली म्हणायला लागली. म्हणून मीही इथे नाना असंच लिहिते, तोंडाने मात्र जन्मभर ‘अहो’च म्हटलं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. तीस वर्षं पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवली. आमच्या घरात बोलणं माझं आणि कामं त्यांची, अशी वाटणी आपोआप झाली होती. नाना मोजकं बोलायचे. पण जे बोलायचे ते आमच्या खान्देशी बोलीत, ठसक्यात, आणि बहुतेक वेळा कुठल्यातरी यंत्राबद्दल.

त्यांची एक सायकल आहे. विलायती, काळी, उंच, ब्रेकला तारेऐवजी लोखंडी कांब असलेली. जिनिंगच्या म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरने गाव सोडताना ती नानांना दिली, आमच्या लग्नाच्याही आधी. त्यांनी तिच्यावर बसून जन्म काढला. निवृत्त झाल्यावर हंगामात बोलावणं आलं की तिच्यावरूनच जायचे. घरात स्कूटी आली, शेजारीपाजारी चारचाक्या आल्या, नानांनी सायकल सोडली नाही. वैशाली म्हणायची, “नाना, आता ही म्युझियमला द्या.” त्यावर नाना नुसते सीटवर फडकं मारायचे.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ते ती पूर्ण खोलायचे. दुकानदार या कामाला ओव्हरऑइल म्हणतात. नानांना तो शब्द खपत नसे. “ऑइल नही, ग्रीस,” ते म्हणायचे. माझ्या स्वयंपाकघरातली परात त्या दिवशी जायची. तिच्यात घासलेट, पुढे घासलेट मिळेनासं झालं तेव्हा डिझेल. त्यात चाकांच्या पोटातून काढलेले छर्रे टाकून ते बोटांनी ढवळायचे, आणि तांदूळ धुतल्यासारखा आवाज अख्ख्या घरात यायचा. दुसऱ्या दिवशी परात कितीही घासली तरी भाकरीच्या पिठाला वास लागायचाच. मी भांडायचे. एकदा म्हटलं, “मी धरू का काही? लवकर आटपेल.” त्यांनी मान वर न करता सांगितलं, “तुना हात खडूना शे. ग्रीसना नही.”

मागच्या वर्षी तो रविवार आला नाही. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी ते आरशासमोर दाढी करत होते. वस्तरा फरशीवर पडल्याचा आवाज आला, मी गेले तर ते भिंतीला टेकून खाली बसलेले. अर्ध्या गालावर साबण. उजवा हात मांडीवर असा पडला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि नुसता हवेचा आवाज आला. त्यांनी तो स्वतः ऐकला. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत जी भीती मी पाहिली, तिच्याबद्दल मी आजवर वैशालीलाही सांगितलेलं नाही.

वैशाली धुळ्याला एका कॉलेजात शिकवते. तिने तिकडेच दवाखान्याची सोय केली. अठरा दिवस आम्ही धुळ्याला होतो. महामार्गाचा आवाज रात्रंदिवस खिडकीतून यायचा. लकवा होता, मेंदूच्या डाव्या बाजूला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पायात जोर येईल, हाताचं थोडं कठीण, वाचेचं काही सांगता येत नाही. “त्यांना सगळं समजतंय बरं का,” ते म्हणाले. “फक्त शब्द सापडत नाहीत.” मला तेव्हा ते वाक्य धीराचं वाटलं. घरी आल्यावर कळलं की त्याहून निर्दय वाक्य नसेल. सगळं समजणारा माणूस दिवसभर आपल्यासमोर बसलाय आणि त्याला पाणी हवंय की चादर, हे आपण विचारत बसायचं.

वाचा सुधारण्यासाठी एक बाई आठवड्यातून एकदा फोनवर दिसायच्या. त्यांनी चित्रांची कार्डं करायला सांगितली. ते माझंच काम. मी पुठ्ठे कापले, रंगीत चित्रं चिकटवली. आंबा, घर, गाय, चमचा. सकाळी ऊन आलं की नानांना पडवीत खुर्चीवर बसवायचं आणि एकेक कार्ड धरायचं. “हं, हे काय आहे? आं… आं…” पहिलीच्या वर्गात वापरायचे तोच स्वर माझ्या तोंडून यायचा. नाना गाईकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, आणि मान फिरवून रस्त्याकडे बघत बसायचे. पहिली एकादशी गेली, दुसरी गेली. एकही शब्द आला नाही. वैशालीचा रोज सहाला फोन. “आज काही बोलले?” “नाही गं.” “बरं.” त्या ‘बरं’नंतर ती फोन ठेवायची.

मार्गशीर्षातली सकाळ होती. थंडी इतकी की केळीच्या बागा करपल्याच्या बातम्या यायला लागल्या होत्या. पडवी झाडायची म्हणून मी भिंतीला टेकलेली सायकल पुढचं चाक उचलून जरा बाजूला केली. उचललेलं चाक आपसूक फिरलं आणि आतून करकर वाजलं. मागून आवाज आला, “कोन.”

मी वळले. नानाच. सव्वादोन महिन्यांनी माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकला मी. आणि तो काय विचारत होता? आमच्या बोलीत ‘कोण’ला ‘कोन’च म्हणतात. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. “अहो, मी. मी शे ना. कमल.”

“कोन,” ते पुन्हा म्हणाले, जरा चिडून.

“कमल शे मी. वैशालीनी माय.”

त्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर जोरात थापटी मारली. “कोन! कोन!” मी उठून आत गेले. ओट्याला धरून रडले. बोलायला लागले तर पहिला शब्द हा, माझी ओळखच विचारणारा, असं वाटून रडले. डोळे पुसून बाहेर आले तेव्हा नाना खुर्चीतून इतके पुढे वाकले होते की पडले असते. डावा हात त्यांनी सायकलीच्या चाकापर्यंत पोहोचवला होता, आणि बोट बरोबर मधोमध, आसाच्या टोकावर टेकवलं होतं. “कोन,” ते म्हणाले. या वेळी सावकाश, एखाद्या मंद मुलाला सांगावं तसं.

मी चप्पल अडकवली आणि बसस्टँडमागे रफिकभाईंच्या दुकानात गेले. रफिकभाई नानांच्या ओळखीचे जुने सायकलवाले. आता त्यांच्या दुकानात लहान मुलांच्या रंगीबेरंगी आणि बॅटरीच्याच सायकली जास्त असतात, पण वडिलांच्या वेळची हत्यारं त्यांनी टाकलेली नाहीत. मी धापा टाकत विचारलं, “रफिकभाई, सायकलीत कोन म्हणून काही असतं का?”

त्यांनी एका पत्र्याच्या डब्यातून पोलादाचा एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूने निमुळता, मधे भोक. “हा कोन, भाभी. चाकाच्या आत एक कप असतो, हा त्याच्यात बसतो, आणि दोघांच्या मधी छर्रे. सगळं वजन त्याच्यावर. का, काय झालं?”

मी सांगितलं. त्यांनी डबा बंद केला. मग म्हणाले, “आवाजावरून ओळखलं नानांनी. ग्रीस सुकलंय, कोन खातोय. चला, मी अर्ध्या तासात करून देतो.”

“नको,” मी म्हटलं. “ते बोलले, रफिकभाई. मी करणार. ते सांगतील तसं.”

त्यांनी मला एक पातळ पाना दिला, पिवळ्या ग्रीसचा डबा दिला, आणि दोन मिनिटांत समजेल तेवढं समजावलं. पाच रस्ते ओलांडून घरी येताना मी तो पाना पदराखाली धरला होता.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे. आमच्या संसारात आम्ही इतकं एकमेकांकडे बघून काही केलं असेल असं मला आठवत नाही. मी गोधडी अंथरून सायकल उलटी केली. नाना खुर्चीत, मी खाली. मी एखादा भाग हातात धरायचे आणि वाट पाहायची. आधी त्यांचा गळा हलायचा, मग ओठ जुळायचे, मग यायचा शब्द. नट. वायसर. हब. कप. गाईचं चित्र ज्यांना बोलतं करू शकलं नाही, ते ग्रीसने बरबटलेला पोलादाचा एवढासा मणी बघून स्पष्ट म्हणाले, “छर्रा.” जोडाक्षर! पहिलीच्या मुलांना जे शेवटच्या सहामाहीत जमतं ते.

मी कॅलेंडरच्या मागे शब्द लिहून ठेवायला लागले. वैशालीला फोनवर सांगायचे, “आज तीन. पाना, चिमटा आणि बीबी.” “बीबी?” “अगं, पायडलच्या मधला आस असतो तो.” ती हसायची आणि मधेच तिचा आवाज फुटायचा. ती म्हणायची, “आई, माझं नाव घेतील का गं?” मी म्हणायचे, “घेतील. आधी पुढचं चाक होऊ दे.”

पुढच्या चाकात एका बाजूला दहा छर्रे, दुसऱ्या बाजूला दहा. एकदा धुताना माझ्या हातून एक निसटला आणि टणटण करत घरात गेला. मी कॉटखाली, फडताळाखाली, बॅटरी घेऊन सरपटत शोधत होते. पडवीतून विचित्र आवाज आला म्हणून डोकं वर काढलं तर नाना हसत होते. तोंड एका बाजूला ओढलं जायचं, त्यामुळे ते हसणं रडण्यासारखं दिसायचं, पण होतं हसणंच. छर्रा चौकटीच्या फटीत सापडला. “सापडना!” मी ओरडले. “दहा,” ते म्हणाले. आकडाही आला.

ग्रीस कपात भरायचं ते बोटाने, कडेकडेने. त्यात एकेक छर्रा ठेवायचा, तो आपोआप चिकटून बसतो. मी कमी भरलं की नाना म्हणायचे, “अजून.” मग कोन आवळायचा. फार आवळला तर चाक अडतं, सैल राहिला तर डुगडुगतं. ही मधली जागा शोधणं हेच सगळं काम. मी पूर्ण आवळायचे, ते चाक फिरवून बघायचे आणि म्हणायचे, “पाव.” पाव फेरा मागे. पुन्हा फिरवून, “थोडं.” मग डावा तळवा वर करून, “बस.” नीट जमलं की उचललेल्या चाकाचा व्हॉल्व्ह नुसत्या आपल्या वजनाने खाली येतो, दोन-चार झोके घेतो आणि अगदी तळाशी थांबतो. पहिल्यांदा माझ्या हातून तसं झालं तेव्हा नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ग्रीसचा हात. मी केस दोन दिवस धुतले नाहीत.

या दिवसांबद्दल लिहिताना मला लाज वाटते, कारण मी सुखी होते. त्यांचा उजवा हात लुळा होता, रात्री त्यांना कुशीवर मला वळवावं लागायचं, आणि मी सकाळी उन्हाची वाट बघत उठायचे. मला वाटायचं हे शब्द जिन्यासारखे आहेत. कपावरून कोनावर, कोनावरून छऱ्यावर, असं करत ते वर येतील आणि कधीतरी कमल म्हणतील, वैशाली म्हणतील, पाणी दे म्हणतील. असं काही नसतं, हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

संक्रांतीच्या आधी सायकल पूर्ण झाली. पुढचं चाक, मागचं चाक, हँडलचे कप, बीबी. पायडलच्या दांड्या आसाला अडकवून ठेवणाऱ्या तेवढ्या कॉटरच्या खिळ्या ठोकून काढायला रफिकभाई आले होते. त्यांनी पायडल फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, “नाना, माझ्या दुकानात ठेवतो भाभीला.” नाना म्हणाले, “चांगलं.” सायकल भिंतीला लावून ठेवली. आणि नाना गप्प झाले.

पहिल्या दिवशी मला वाटलं, दमले असतील. दुसऱ्या दिवशी मी कार्डं काढली. तिळाचा लाडू दाखवला, पतंग दाखवला. काही नाही. सायकलीच्या भागांवर नुसतं बोट ठेवून विचारलं, तर ते माझ्याकडे कंटाळून बघायचे. चालू यंत्राबद्दल बोलण्यासारखं काय असतं, असंच त्यांना वाटत असणार. निरोगी असतानाही ते तसेच होते. चौथ्या दिवशी वैशालीला सांगायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता. पाचव्या दिवशी मी पाना घेतला आणि पुढचं चाक पुन्हा उघडलं.

शब्द आले. थोडे कमी, पण आले. सगळं पुसून, भरून, बंद केलं. तीन दिवसांनी पुन्हा उघडलं. रफिकभाईंकडे आणखी ग्रीस आणायला गेले तेव्हा ते म्हणाले, “भाभी, बेअरिंग आठवड्याला उघडायची चीज नाही. आटे झिजतील. चांगली बसलेली आहे ती राहू द्या.” मी हो म्हटलं आणि घरी येऊन तिसऱ्यांदा नट सोडवला. त्या वेळी नाना म्हणाले, “नको.” मी थांबले नाही. “चांगलं,” ते म्हणाले, आणि माझा हात धरून पान्यावरून काढला. “चांगलं. नको.”

मला त्या दिवशी खूप आनंद झाला होता, दोन वेगवेगळे शब्द एकत्र आले म्हणून. त्यांनी काय सांगितलं, हे मी ऐकलंच नाही.

माघातली दुपार. नाना जेवून आत झोपले होते. आठ दिवस घरात एक शब्द झाला नव्हता. मी पडवीत सायकलीसमोर बसले आणि चाक फिरवलं. ते इतकं सुरेख फिरत होतं, बिनआवाज, की मला त्याचा राग आला. खरंच राग आला. मी नट सैल केला, कोन मागे घेतला. मग कढीपत्त्याच्या कुंडीतून चिमूटभर माती घेतली आणि भाजीत मीठ टाकावं तशी त्या पिवळ्याधमक ग्रीसवर टाकली. कोन बसवला, नट आवळला. चाक फिरवलं. करकर आवाज आला. पहिल्या दिवशीसारखा. मी हात साबणाने दोनदा धुतले आणि चहा ठेवला.

चार वाजता नानांना बाहेर आणलं. मी झाडायचं निमित्त करून चाक उचललं. करकर. त्यांची मान झटकन वळली. डोळ्यांत तेच तेज. “कोन,” ते म्हणाले. मला रडू फुटेल असं झालं. “हो का? बघू या का उघडून?” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच गोड लागला.

मी उघडलं. त्यांनी डावा हात पुढे केला, मी कोन त्यांच्या तळव्यावर ठेवला. ग्रीस अंगठ्याने आणि बोटाने चोळून बघायची त्यांची सवय होती. त्यांनी चोळलं. थांबले. बोट उन्हात धरलं. ग्रीस अजून पिवळंच होतं, नवं, आणि त्यात काळे कण. त्यांनी हाताने खूण केली, दुसरी बाजू. मी दुसऱ्या बाजूचा कोन दिला. तो स्वच्छ. त्यांनी पुन्हा पहिलं बोट उन्हात धरलं. मीही बघितलं. मातीच्या कणांत चहापत्तीचा एक फुगलेला दाणा होता. कुंडीत रोज सकाळी मी चहाचा चोथा टाकते.

नानांनी कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाले, “कोन?”

या वेळी तो प्रश्न होता. मी तीस वर्षं वर्गात उभं राहून, पाटी कुणी फोडली, असं विचारलेलं आहे. खरं सांगणारं मूल कसं दिसतं आणि खोटं सांगणारं कसं, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, “काय माहीत. वारा शे ना. धूळ गेली असेल.”

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. राग असता तर मी पायाच पडले असते. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक नट अर्धवट आवळून सोडला नाही, त्याला नीट केलेलं काम कुणी मुद्दाम बिघडवू शकतं हेच समजत नव्हतं, आणि ते समजत गेलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी कोन परातीत ठेवला. बोट आपल्या लुंगीला पुसलं. मान रस्त्याकडे वळवली. मी विचारलं, “ग्रीस भरू का?” उत्तर आलं नाही. “अहो, छर्रे धुऊ ना?” नाही.

तो ‘कोन’ त्यांचा शेवटचा शब्द. त्यानंतर नाना बोलले नाहीत.

मी पुष्कळ केलं. चाक पुढ्यात आणून ठेवलं, छर्रे तळहातावर धरले, मुद्दाम चुकीचा पाना लावला. ते बघायचे नाहीत. शिमग्याच्या सुमाराला त्यांना घास गिळता येईना, म्हणून पुन्हा धुळ्याला नेलं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, मधे केव्हातरी दुसरा छोटा झटका येऊन गेलाय. “केव्हा?” मी विचारलं. “महिना-दीड महिना झाला असेल. नक्की नाही सांगता येणार.” मी वैशालीला पाणी आणायला पाठवलं आणि विचारलं, “मनाला काही लागलं म्हणून माणूस बोलायचं सोडतो का, डॉक्टर?” त्यांच्या दारात रांग होती. “दोन्ही असू शकतं, काकू,” ते म्हणाले. “आता समज पण थोडी कमी होत जाईल.”

दोन्ही असू शकतं. मी या तीन शब्दांवर पुढचा सगळा उन्हाळा काढला. पंचेचाळीस अंशांत, कूलरच्या समोर, त्यांचे पाय चोळताना. मला कधी वाटतं मेंदूतली एखादी बारीक नस त्या दुपारी, मी चहा ठेवत असतानाच, बंद झाली असेल. मग माझा काही दोष नाही. पण मग तो प्रश्न? तो तर स्पष्ट होता. मग वाटतं, त्यांनी ठरवलंच. माझ्यासमोर आता शब्द काढायचा नाही. आणि ते ठरवायचा त्यांना हक्क होता. दोन्हींतलं कुठलं मागावं हे मला समजत नाही. एकात ते गेलेत, दुसऱ्यात मी.

पावसाळ्यात रफिकभाई नानांना बघायला आले. पडवीच्या कोपऱ्यात चाक तसंच उघडं पडलं होतं, परातीत डिझेल आटून काळी साय धरलेली. “असं ठेवलंत तर गंजेल भाभी,” म्हणत ते खाली बसले आणि फडक्याने कप पुसायला लागले. मग थांबले. “ही माती आत कशी आली? बंद हबात एवढी माती जात नाही.” ते स्वतःच म्हणाले, “उघडं राहिलं असेल वाऱ्यात.”

“नाही, रफिकभाई. मी टाकली.”

ते पुसत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, त्याबद्दल मी त्यांची उपकृत आहे. मग हळू आवाजात म्हणाले, “नानांना ठाऊक आहे?”

“त्यांनी विचारलं होतं. मी खोटं बोलले.”

“मग सांगून टाका ना, भाभी. आज ना उद्या सांगून टाका.”

ते चाक घेऊन गेले आणि दोन दिवसांनी दुरुस्त करून आणून बसवून गेले. मी त्या बाजूला बघतसुद्धा नाही.

सांगायला मला त्यानंतरही पाच महिने लागले. परवा, उंबऱ्यावरचा तो कापूस लोटल्यावर, मी वांगी भाजायला घेतली. पांढरी, मोठी, भरिताची. कपाशीच्या काड्यांचा जाळ, कांद्याची पात, मिरच्या, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. हिवाळ्यातलं पहिलं भरीत नानांना लागायचंच. आता ते फार बारीक करून द्यावं लागतं. मी त्यांना उन्हात बसवलं, गळ्याला फडकं बांधलं, चार-पाच घास भरवले. मग हात थांबला आणि मी म्हणाले.

“अहो, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं. मी टाकली होती माती. मीच. तुम्ही बोलावं म्हणून टाकली. काम बिघडवलं मी तुमचं, आणि वर खोटं बोलले.”

ते माझ्याकडे बघत होते. डोळे माझ्यावरच होते, इकडेतिकडे नाही. मी म्हटलं, “रागवा ना. काहीतरी म्हणा.” त्यांचा गळा हलला. ओठ हलले. तोंड हळूहळू उघडलं. शिवी येऊ दे, म्हटलं, नुसता आवाज येऊ दे, काहीही येऊ दे.

तोंड तसंच उघडं राहिलं. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की ते पुढच्या घासाची वाट बघत होते.

मी भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावला आणि त्यांना भरवला.